काकाजींचा पाय कोर्टात

गेली दोन वर्षं आमच्या काकाजींचा उजवा पाय कोर्टात होता. बाकीचे काकाजी त्रिमूर्तीनगरातच होते. सकाळी गच्चीवर चकरा मारत, दुपारी पेपरातल्या शब्दकोड्यातल्या चुका काढत, संध्याकाळी गल्लीच्या कट्ट्यावर बसत. पण कुणी "पाय कसा आहे?" असं विचारलं, तर "बरा आहे" असं उत्तर मिळायचं नाही. "सतरा तारखेला बोर्डावर आहे," असं मिळायचं. वरच्या मजल्यावरच्या नवीन भाडेकरूने एकदा भाबडेपणाने विचारलं, "पण दुखतो का?" काकाजी म्हणाले, "मॅटर सब-ज्युडिस आहे. बोलता येत नाही."

काकाजी ए.जी. ऑफिसातून निवृत्त झालेले. सिव्हिल लाइन्समधल्या त्या महालेखापाल कार्यालयात विदर्भ-मराठवाड्याचे सरकारी हिशेब बघतात, आणि काकाजींनी छत्तीस वर्षं तिथे एकच काम केलं. दुसऱ्याने मागितलेल्या पैशातून काहीतरी कापलं. गडचिरोलीकडच्या एका ओव्हरसियरने प्रवासभत्त्यात बावीस किलोमीटर जास्त लावले, तेव्हा काकाजींनी नकाशा मागवला. नदीला पूर होता म्हणून वळसा घेतला, असं उत्तर आलं. काकाजींनी पुराचा दाखला मागवला. दाखला येईपर्यंत ओव्हरसियर निवृत्त झाला. मग त्याच्या पेन्शनच्या कागदांवर हाच आक्षेप पेन्सिलीने लिहून पुढे पाठवला गेला. ही गोष्ट काकाजी स्वतः सांगतात, आणि त्यात दोष कुणाचा हा प्रश्न त्यांना कधी पडलेला मी पाहिला नाही.

अशा माणसावर त्रेसष्टाव्या वर्षी पैसे मागायची पाळी आली.

अपघात झाला दिवाळीनंतरच्या एका सकाळी. काकाजी खामल्याच्या बाजारातून मेथी आणि सांबार घेऊन ॲक्टिवावर परत येत होते. वेग ताशी पंचवीस. हा वेग त्यांनी पहिली स्कूटर घेतल्यापासून कायम ठेवलेला आहे. डोक्यावर हेल्मेट, आणि हेल्मेटचा पट्टा लावलेला. नागपुरात हेल्मेट बहुधा कोपरात अडकवायची वस्तू असल्याने हे दृश्य बघायला लोक मान वळवतात. समोरून राँग साइडने एक पोट्टा मोटरसायकल दामटत आला, काकाजींनी हॉर्न दिला, त्यानेही दिला, आणि दोघांनी एकमेकांना रस्ता द्यायचा म्हणून एकाच बाजूला गाडी घातली. काकाजी उजवीकडे आडवे झाले आणि त्यांच्या पायावर ॲक्टिवा. टोंगळ्याखालचं हाड गेलं. हेल्मेटवर ओरखडाही नव्हता.

लोक धावले. कोपऱ्यावरच्या पानठेलेवाल्याने गाडी उचलायला हात घातला, तर खालून आवाज आला, "गाडी हलवू नका. स्पॉट पंचनामा व्हायचा आहे."

"काकाजी, मंग तुमाले तरी हलवू का?" पानठेलेवाल्याने विचारलं.

ऑटोत घालेपर्यंत काकाजींनी त्याला समजावून सांगितलं, की २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४-अ कलम आलं आहे, अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला पोलिसांचा त्रास होऊ शकत नाही, नाव सांगायचीसुद्धा सक्ती नाही, तेव्हा घाबरू नका. मग खिशातून पेन काढून साक्षीदार म्हणून त्याचं नाव विचारलं. पानठेलेवाल्याने त्याच कलमाखाली ते सांगायला नकार दिला.

धंतोलीतल्या एका हॉस्पिटलात ऑपरेशन झालं. पट्टी बसली, स्क्रू बसले. बिलात स्क्रू आठ होते, एक्स-रेत काकाजींना सात मोजता आले. आक्षेप निघाला. डॉक्टरांनी दुसऱ्या बाजूने एक्स-रे काढून आठवा स्क्रू दाखवला तेव्हा तो निकाली निघाला, पण या दुसऱ्या एक्स-रेचे पैसे कुणी द्यायचे असा नवा निघाला. डिस्चार्जच्या दिवशी नर्सेसनी पेढे मागितले नाहीत. उलट वाटले असावेत.

तिथेच तिसऱ्या दिवशी एक स्वच्छ इस्त्रीच्या शर्टातला माणूस सफरचंदांची पिशवी घेऊन आला. त्याने काकाजींच्या पायाला हात लावून नमस्कार केला, प्लास्टर कुठवर आहे ते पाहिलं, "एफआयआर झाला ना?" असं आपुलकीने विचारलं. काकूंना वाटलं ऑफिसातला असेल, काकाजींना वाटलं काकूंच्या माहेरचा. तो गेल्यावर सफरचंदांखाली एका वकिलाचं कार्ड निघालं. वकिलाने स्वतःची जाहिरात करायची नाही, गिऱ्हाईक शोधत फिरायचं नाही, असा बार कौन्सिलचा नियम आहे, आणि वकील तो पाळतात; फिरतात ती माणसं वेगळी असतात. यांना कोर्टाच्या आवारात 'क्लेमवाले' म्हणतात. मेयो आणि मेडिकलच्या कॅज्युअल्टीबाहेर नातेवाइकांच्या आधी पोहोचलेला माणूस दिसला तर तो हाच.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. "काकाजी, तुमाले एक रुपया लागत नाही. कागद आमी काढतो, कोर्टात आमी जातो. पैसे आले का तीस टक्के आमचे."

"निकालावर अवलंबून फी ठरवायची नाही, हे तुमच्या साहेबांना माहीत आहे?" काकाजी म्हणाले. "बार कौन्सिलचा नियम विसावा. तिथंच लिहिलं आहे, मिळालेल्या रकमेत वाटा घ्यायचा नाही."

माणूस थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "पंचवीस करू."

सफरचंदं परत करता आली नाहीत कारण ती काकूंनी कापली होती. काकाजींनी त्यांची बाजारभावाने किंमत काढून वहीत 'अनोळखी व्यक्तीकडून प्राप्त' म्हणून नोंद केली.

त्यांचा भाचा न्यू जर्सीत असतो. त्याने व्हिडिओ कॉलवर सांगितलं, की इकडे टक्केवारीवरच चालतं, साधारण तिसरा हिस्सा वकिलाचा, आणि हायवेला वकिलांचे फोटो एवढे मोठे लावलेले असतात की बघता बघता अपघात व्हावा. मग त्याने ती प्रसिद्ध कॉफीची गोष्ट सांगितली. १९९२ साली न्यू मेक्सिकोतल्या एका ७९ वर्षांच्या बाईंच्या मांडीवर मॅकडोनाल्डची कॉफी सांडली, आणि १९९४ साली ज्यूरीने जवळजवळ २९ लाख डॉलर देऊ केले. काकाजींनी लगेच विचारलं, "हातात किती पडले?" ऑडिटचा माणूस 'देऊ केले' या शब्दांवर थांबत नाही. भाच्याला ते ठाऊक नव्हतं. काकाजींनी शोधून काढलं. न्यायाधीशांनी आकडा साडेसहा लाखांच्या आत आणला होता आणि पुढे बाहेरच्या बाहेर तडजोड झाली होती. बाईंना त्वचारोपण करावं लागलं होतं, हेही त्यांनी वाचलं, आणि भाच्याला कळवलं की हसण्यासारखं त्यात काही नाही. तरी पुढचे चार दिवस सकाळी तर्री-पोह्याची प्लेट हातात आली की ते तिच्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघत.

मग वकिलाचा शोध सुरू झाला. भरताचं वांगं जसं बोटाने टिचकी मारून, देठ बघून, हलकं आहे ना याची खात्री करून घेतात, तसे काकाजी वकील बघत होते. वॉकर घेऊन, माझ्या गाडीतून. वहीत रकाने पाडलेले: नाव, टेबल कुठे, अनुभव, फी, शेरा. शेरे मी चोरून वाचले आहेत. 'भेटल्याबरोबर रक्कम सांगितली. अविश्वसनीय.' 'पायाकडे बघितलंच नाही, बिलांकडे बघितलं. विचारार्ह.' 'तीन वेळा फोन उचलला नाही. बहुधा चांगला.' एका ज्येष्ठ वकिलांना भेटायला आम्ही हायकोर्टात गेलो. १९४० सालची ती घुमटाची दगडी इमारत बघून काकाजींना वाटलं, आपल्या पायाला हेच कोर्ट शोभेल. ज्येष्ठ वकिलांनी शांतपणे सगळं ऐकलं आणि म्हणाले, "आधी खालच्या कोर्टात जा. तिथं कमी मिळाले तर अपिलात या."

"आणि जास्त मिळाले तर?"

"मग विमा कंपनी येईल माझ्याकडे."

शेरा : 'प्रामाणिक.'

या सगळ्यात पाच महिने गेले. आणि २०२२ च्या एप्रिलपासून कायद्यात अशी तरतूद आली आहे की अपघातापासून सहा महिन्यांच्या आत दावा लावायचा. त्याआधी, १९९४ पासून, मुदतच नव्हती. काकाजींना ही तारीख पाठ होती, तीच ते रोज सकाळी काकूंना सांगत, आणि तरीही वकील ठरत नव्हता. शेवटी काकू म्हणाल्या, "तुमी वकील पाहून राहिले का सून?"

मॅडम सापडल्या त्या अशा घाईत. जिल्हा न्यायालयात त्यांचं एक टेबल, दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, आणि एक ज्युनिअर जो सतत कुठेतरी गेलेला असे. मूळच्या उमरेडच्या. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची कामं करून करून त्यांच्या चेहऱ्यावर कुणाच्याही दुःखाचा आधी कागद बघायची सवय आलेली. काकाजींनी फाइल पुढे केली. अनुक्रमणिका, पान क्रमांक, फ्लॅग, पिवळे स्लिप. मॅडमनी ती शेवटच्या पानापासून उघडली. मी काकाजींकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच आदर पाहिला. बिलाचा गठ्ठा मागून वाचणारं माणूस त्यांना ऑफिस सुटल्यापासून भेटलंच नव्हतं.

"हे शहाळं साठ रुपये," मॅडम म्हणाल्या. "याला अंगठा कायले घेतला काकाजी?"

"विक्रेत्याचा आहे. सही येते त्याला, पण तो म्हणाला, सही मी फक्त बँकेत करतो."

"आणि ऑटोवाल्यांच्या सगळ्या पावत्या एकाच अक्षरात?"

"अक्षर माझं, सही त्यांची."

"विमा कंपनीचा वकील म्हणंल, सहीपण तुमचीच." मॅडमनी पान उलटलं. "हॉस्पिटलचं ओरिजिनल बिल कुठं आहे?"

ओरिजिनल बिल सीजीएचएसला गेलं होतं. हॉस्पिटल पॅनेलवर नव्हतं, त्यामुळे काकाजींनी पैसे आधी खिशातून भरले आणि नंतर परतावा मागितला. सीजीएचएसने आपल्या दरपत्रकाप्रमाणे काही भाग मंजूर केला. दाव्यात मात्र अस्सल बिल लागतं. काकाजींनी स्वतःहून सांगितलं, की मंजूर झालेला भाग वजा करून उरलेलाच मागायचा, एका व्हाउचरवर दोनदा पैसे घेणं म्हणजे ऑडिटचा पॅरा आहे. मॅडमनी चष्मा काढून त्यांच्याकडे पाहिलं. असं बोलणारा अर्जदार त्यांच्या टेबलावर नवीन असावा.

"बरं, उत्पन्न किती बुडालं?"

"पेन्शन चालू आहे."

"मंग उत्पन्नाचं नुकसान शून्य."

काकाजी खुर्चीत सरसावले. इतवारीतल्या दोन दुकानदारांची आणि एका देवस्थानाची खातेवही ते बघत. पाय मोडल्यापासून ते बंद होतं. महिन्याचे इतके, वर्षाचे इतके, त्यांनी आकडा सांगितला.

मॅडमनी लिहायला पेन उचललं. "रिटर्नमध्ये दाखवलं आहे ना?"

बाहेर कुणाच्या तरी नावाचा पुकारा झाला. ज्युनिअर आला आणि पुन्हा गेला. काकाजींनी फाइलचा एक फ्लॅग काढून नीट दुसरीकडे लावला.

"तो आयटम मी मागे घेतो," ते म्हणाले.

फी मात्र एका वाक्यात ठरली: ठोक रक्कम, अर्धी आता, अर्धी पुराव्याच्या वेळी, निकाल काहीही लागो. काकाजींनी पावती मागितली आणि मॅडमनी पावतीपुस्तक काढलं. वहीत त्या दिवशी शेऱ्याच्या रकान्यात काहीच लिहिलेलं नाही.

दावा लागला तेव्हा मुदतीचे नऊ दिवस शिल्लक होते. अर्जदार काकाजी, गैरअर्जदार क्रमांक एक मोटरसायकल चालवणारा पोट्टा, दोन त्याचा बाप, कारण गाडी बापाच्या नावावर, आणि तीन विमा कंपनी. पोट्ट्याचा बाप हिंगणा रोडवर टायर-पंक्चरचं दुकान चालवतो. नोटीस मिळाल्यावर तो रात्री काकाजींच्या दारात येऊन बसला. दुकान विकायला लागेल असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. काकाजींनी त्याला आत बोलावलं आणि वीस मिनिटं समजावलं, की गाडीचा थर्ड पार्टी विमा चालू असला आणि चालवणाऱ्याकडे लायसन्स असलं तर पैसे कंपनी देते, तुला द्यायचे नाहीत. लायसन्स नसतं तर कंपनीने मला देऊन तुझ्याकडून वसूल केले असते. पोट्ट्याचं पक्कं लायसन्स अपघाताच्या महिनाभरच आधी निघालेलं होतं. त्यावरची तारीख बघून काकाजींना जो आनंद झाला, तो त्यांना स्वतःच्या प्रमोशनला झाला नव्हता, असं काकू सांगतात.

त्या दिवसापासून गैरअर्जदार क्रमांक एक घरचा झाला. तो सिलिंडर आणून देऊ लागला, काकूंचा फोन रिचार्ज करू लागला. काकाजी त्याला कधी नावाने हाक मारत नसत. "गैरअर्जदार, पंखा लाव," असं म्हणत.

याच काळात सरला वर्मा घरात आली. काकाजी रात्री उशिरापर्यंत मोबाइलवर तिचंच वाचत, मॅडमना फोनवर "सरला वर्माचं काय म्हणणं आहे?" असं विचारत, झोपेत एकदा "सरला वर्मा स्पष्ट आहे" असं म्हणाले. काकूंनी मला बाजूला घेऊन विचारलं, "हे कोण?" मग काकाजींनीच सांगितलं. १९८८ साली दिल्लीत बसच्या अपघातात या बाईंचा नवरा गेला. कृषी अनुसंधान परिषदेत शास्त्रज्ञ, वय अडतीस, पगार ३,४०२ रुपये. पदरात तीन लहान लेकरं. दावा चालत चालत सुप्रीम कोर्टात गेला आणि २००९ साली निकाल लागला. त्या निकालात न्यायालयाने वयाप्रमाणे गुणकांचा एक तक्ता दिला, म्हणजे माणसाच्या वर्षाच्या कमाईला किती वर्षांनी गुणायचं ते. देशभरातले दावे आता त्या तक्त्यावर चालतात. काकू बोटांवर मोजत होत्या. "एकवीस वर्षं? लेकरं मोठी होऊन गेली असतील की बाप्पा."

काकाजींना लेकरांपेक्षा तक्ता महत्त्वाचा वाटत होता. पंचविशीपर्यंत गुणक अठरा, पुढे उतरत उतरत एकसष्ट ते पासष्टला सात, पासष्टनंतर पाच. म्हणजे खटला रेंगाळला तर आपण साताचे पाच होऊ, या धास्तीने त्यांनी मॅडमना रविवारी सकाळी फोन केला. मॅडम म्हणाल्या, वय अपघाताच्या दिवशीचं धरतात.

"म्हणजे कोर्टात मी कायम त्रेसष्टचा?"

"हो काकाजी. पण तुमचं उत्पन्न शून्य आहे. साताला शून्याने गुणून राहिले तुम्ही."

काकूंना मात्र त्या तक्त्यातून वेगळाच प्रश्न सुचला. "तुमी त्या दिवशी गेले असते, तर मले काय मिळालं असतं?" काकाजींना असल्या प्रश्नाचं वाईट वाटत नाही. त्यांनी २०१७ सालचा प्रणय सेठी निकाल काढला. पती गमावल्याबद्दल चाळीस हजार, अंत्यविधीचे पंधरा, दर तीन वर्षांनी दहा टक्के वाढ. "दहा टक्के? तीन वर्षांत?" काकू म्हणाल्या. "यापेक्षा तुमचा डीए जास्त वाढते."

पुढे अपंगत्वाचा दाखला आला. कायमचं आंशिक अपंगत्व, अठरा टक्के. कट्ट्यावर कुणीतरी म्हणालं, जीएसटी लागला तुमच्या पायाला. काकाजींना अठरा हा आकडा कमी वाटला नाही. राउंड केलेला वाटला. डॉक्टरांकडे ते मूळ गणित मागायला गेले होते. मॅडमनी दुसरी गोष्ट सांगितली: पाय किती टक्के गेला यापेक्षा त्या पायावर पोट किती होतं ते कोर्ट बघतं. कळमन्याच्या बाजारातल्या हमालाचा अठरा टक्के पाय म्हणजे जवळजवळ पूर्ण धंदा. ऑडिटरचा अठरा टक्के पाय म्हणजे जिना चढताना कठड्याला हात. यावर २०१० सालचा राजकुमार निकाल आहे. काकाजींनी तो वाचला आणि दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "बरोबर आहे. मी असतो तर हेच लिहिलं असतं."

मे महिन्यात साक्ष निघाली. उन्हाळ्यात खालच्या कोर्टात काळ्या कोटाची सक्ती नसते, तरी विमा कंपनीचा तरुण वकील कोट घालून आला होता. मला वाटतं, काकाजींची फाइल वाचून. त्याचा साहजिक संशय असा, की इतके स्वच्छ कागद खऱ्या अपघाताचे असूच शकत नाहीत. खरे अपघात झालेल्यांची बिलं डाळीने माखलेली असतात. शिवाय सकाळी आकाशवाणी चौकात त्याने काहीतरी पाहिलं होतं.

"अपघातात तुमचाही वाटा होता, कॉन्ट्रिब्युटरी निग्लिजन्स, असं माझं म्हणणं आहे."

"माझं कॉन्ट्रिब्युशन फक्त पीएफमध्ये होतं," काकाजी म्हणाले. न्यायाधीशांनी हो किंवा नाही एवढंच सांगायला सांगितलं. "नाही. कारणं लेखी देऊ शकतो."

"गैरअर्जदार क्रमांक एकला ओळखता?"

"हो."

"आज कोर्टात कुणाबरोबर आले?"

"त्याच्याबरोबर."

"कोणत्या गाडीवर?"

मॅडमनी डोळे मिटले.

"अर्जात नमूद केलेल्या," काकाजी म्हणाले.

मी त्या दिवशी उमरेड रोडला एका लग्नात अडकलो होतो, म्हणून हे घडलं. ज्या गाडीने पाय मोडला तिच्याच मागच्या सीटवर बसून काकाजी साक्ष द्यायला आले होते, आणि रस्त्यात राँग साइड टाळण्यासाठी त्यांनी पोट्ट्याला तीन चौक वळसा घ्यायला लावला होता.

"म्हणजे तुमचं साटंलोटं आहे," वकील म्हणाला. त्याचा आवाज चढला होता.

काकाजींनी खिशातून वही काढली. "साटंलोटं असतं तर आजच्या येण्याचा खर्च मी दाव्यात लावला असता. ही नोंद बघा. आजची तारीख, प्रवासखर्च निरंक. चहा दोन कप, वीस रुपये. तोही लावलेला नाही, कारण एक कप गैरअर्जदाराने घेतला."

न्यायाधीशांनी वही मागून घेतली. पुष्कळ वेळ चाळली. मग विमा कंपनीच्या वकिलाला विचारलं, लोकअदालतीत ठेवायचं का?

राष्ट्रीय लोकअदालतीच्या दिवशी जिल्हा न्यायालयात पाय ठेवायला जागा नसते. विमा कंपन्यांचे अधिकारी याद्या घेऊन बसतात, एकेका प्रकरणाला पाच-दहा मिनिटं, आकडा इकडून, आकडा तिकडून, मग सही. शेजारच्या टेबलावर एक म्हातारी बाई मुलाचा फोटो घेऊन बसली होती. तिच्या वकिलाने तो फोटो आत ठेवायला सांगितला, इथे तो लागत नाही म्हणून. आमच्या टेबलावरच्या अधिकाऱ्याने अडीच लाख म्हटलं. मॅडमनी तीन म्हटलं. अधिकारी पावणेतीनवर आला. मॅडमनी काकाजींकडे पाहिलं. काकाजी म्हणाले, "दोन लाख पंच्याहत्तर हजार तीनशे चाळीस."

"तीनशे चाळीस कशाचे?"

"पान एकोणीस. ऑटो."

अधिकाऱ्याने दोन्ही हात जोडले आणि तीनशे चाळीस दिले. यादीत त्याच्यापुढे अजून पन्नासेक पाय, हात आणि फोटो होते.

लोकअदालतीत रक्कम एकगठ्ठा मिळते, खाती पाडून मिळत नाही. खाती काकाजींनी घरी येऊन पाडली. औषधोपचार इतके, प्रवास इतका, वेदना व यातना इतक्या. एक ओळ होती : परिचर, छत्तीस हजार. मॅडमनी अर्ज करतानाच सांगितलं होतं, की घरच्या माणसाने केलेल्या सेवेचेही पैसे मागता येतात. गृहिणीच्या कामाला किंमत असते हे सुप्रीम कोर्टाने २००१ पासून वेळोवेळी सांगितलं आहे, २०२१ साली तर फारच ठणकावून. काकाजींनी तेव्हा मान डोलावली होती.

काकूंनी ती ओळ वाचली. "हे परिचर कोण?"

"तू."

"मंग हे पैसे कोणाच्या खात्यात येतील?"

"आपलं खातं जॉइंटच आहे."

"जॉइंट नाही. माझ्या एकटीच्या."

काकाजींनी यावर थोडा विचार केला आणि पेन काढलं. तत्त्व म्हणून त्यांना ते पटलं होतं. कागदावर त्यांनी लिहिलं: 'मिळाले रुपये छत्तीस हजार फक्त, चार महिने शुश्रूषेबद्दल.' खाली एक रुपयाचा रेव्हेन्यू स्टॅम्प चिकटवला आणि कागद सहीसाठी काकूंपुढे सरकवला.

काकूंनी चष्मा लावला. कागद मागून-पुढून बघितला. "चार महिने?"

"डॉक्टरांच्या सर्टिफिकेटवर चारच आहेत."

"दिवाळीच्या मागून वॉकर आला, काठी सुटली अक्षय्य तृतीयेला. मोजा." त्यांनी स्वतःच बोटांवर मोजलं. "साडेपाच होतात. आणि रात्री उठून बेडपॅन द्यायचे ते वेगळे. ते कुठं धरले?"

"लोकअदालतीचा निवाडा अंतिम असतो," काकाजी म्हणाले. "त्यावर अपील नाही."

"कोर्टात नसंल," काकू म्हणाल्या, आणि कागद सही न करता परत केला.